क्लचवरचा डावा पाय

पत्र आलं तेव्हा वर्षाराणी मेथी निवडत होती. पोस्टमननं फाटकातूनच हाक दिली, "वर्षाराणी कृष्णात चौगुले, सही लागणार," आणि सही लागणारं टपाल आपल्या नावानं आलंय याचंच तिला आधी नवल वाटलं. या घरात येणारं सगळं टपाल कृष्णातच्या नावानं यायचं, नाहीतर त्याच्या दुकानाच्या. तिनं हात पुसले, सही केली आणि आत येता येता पाकीट फाडलं. वर मोटार कंपनीचं बोधचिन्ह, खाली इंग्रजी, त्याच्या खाली तेच मराठीत, आणि मराठी असं की त्यापेक्षा इंग्रजी सोपं वाटावं. 'आपल्या मालकीच्या वाहनाच्या इंजिन नियंत्रण प्रणालीतील सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी आढळून आली असून...' ती उभ्याउभ्याच वाचत गेली. चौथ्या ओळीवर तिचे डोळे अडले, मागं गेले, पुन्हा त्याच ओळीवर आले. 'उतारावर, कमी वेगात, क्लच दाबलेल्या स्थितीत इंजिन आपोआप बंद पडण्याची व परिणामी स्टिअरिंग आणि ब्रेक जड होण्याची शक्यता आहे.' क्लच दाबलेल्या स्थितीत. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून ती उभी राहिली आणि तिचा डावा पाय तिला न विचारता किंचित वर उचलला गेला, पुढं झाला, आणि त्यानं फरशीवर काहीतरी सावकाश खाली दाबलं. कुकरची दुसरी शिट्टी झाली. तिसरी कधी झाली ते तिला कळलं नाही.

गाडी आपल्या नावावर आहे हे ती विसरूनच गेली होती. तीन वर्षांपूर्वी, दोन हजार पाचच्या दसऱ्याला गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा कृष्णातला साडेसाती चालू होती. राजारामपुरीच्या मेन रोडवर त्याचं पाण्याच्या मोटारींचं आणि पंपांचं दुकान, म्हणजे माणूस दिवसभर लोखंडातच बसलेला. पण शनीच्या फेऱ्यात नवं लोखंड स्वतःच्या नावानं घरात आणायचं नाही, असं जोशीबुवांनी सांगितलं आणि तानाबाईंनी, म्हणजे वर्षाराणीच्या सासूबाईंनी, ते उचलून धरलं. मग कागदोपत्री मालकीण वर्षाराणी झाली. चाकांखाली लिंबं चिरडली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, पेढे वाटले आणि किल्ली कृष्णातच्या खिशात गेली. तिचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. लागेल तेव्हा तो देत होता, म्हणजे तेव्हा तरी देत होता. आज मात्र त्या शनीचे पाय धरावेत असं तिला वाटलं. त्याची कृपा नसती तर हे पाकीट सरळ दुकानात गेलं असतं आणि पंपांच्या माहितीपत्रकांखाली कुठंतरी पडून राहिलं असतं. तिनं पत्र चौथ्यांदा वाचलं. दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवणारी बाई ती, बाराव्या गल्लीतल्या क्लासमध्ये चौदा वर्षं शिकवत होती. 'स्थितीत' या शब्दाचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. पाय घसरला तर क्लच सुटतो. क्लच सुटला तर गाडी गचका खाते आणि मग बंद पडते. आणि हे लोक म्हणत होते, क्लच दाबलेला असताना. गचका न बसता.

गचका बसला नव्हता. माघातला पाचवा रविवार होता तो. माघाच्या पाच रविवारी कोल्हापुरातली माणसं अनवाणी चालत जोतिबाच्या डोंगरावर जातात, त्याला खेटे घालणं म्हणतात, आणि तानाबाईंनी ते लग्न झाल्यापासून चुकवले नव्हते. आता चालणं होत नव्हतं म्हणून त्यांनी देवाशी तडजोड केली होती: गाडीनं येईन, पण पायात काही घालणार नाही, आणि माझ्याबरोबर सूनही घालणार नाही. देवाला ती चालली असावी. कृष्णात मात्र मित्रांच्या घोळक्यात पहाटे निघून चालत वर गेला होता, आणि उतरायच्या वेळी पायाचे तुकडे पडलेत म्हणत डावीकडच्या सीटवर बसला. "तूच घे गाडी," म्हणाला, "निवांत घे." सगळ्यांच्याच अंगावर, केसांत, कानांत गुलाल, तिचे अनवाणी तळपाय तर जांभळट गुलाबी. केर्लीकडं उतरताना तिसरं वळण आलं. समोरून एसटी चढत होती. तिनं वेग कमी केला, गिअर बदलायला क्लच दाबला, आणि आवाज गेला. कमी झाला, खरखरला, दम टाकला, असं काही नाही; होता आणि गेला. त्या शांततेत तिला एसटीच्या टपावरच्या डबड्याचा खडखडाट ऐकू आला, मागच्या सीटवर तानाबाई प्रसादाच्या पुडीची गाठ सोडत होत्या तो कागदाचा आवाज ऐकू आला. मग स्टिअरिंग दगड झालं. ब्रेक पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा पाय भिंतीवर ठेवल्यासारखा झाला. गाडी कठड्याला घासत गेली आणि आपटली. ती आणि कृष्णात पट्ट्यांमुळं वाचले. तानाबाई गुडघे पोटाशी घेऊन आडव्या बसल्या होत्या, त्या दोन सीटांच्या मधे पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

पाच मिनिटांत वीस माणसं जमली. तानाबाईंना एका जीपमध्ये घातलं, आणि मागं राहिलेल्यांपैकी एकानं आत डोकावून पेडलकडं बोट केलं. पेडलचं काळं रबर गुलालानं माखलं होतं. "हे बघा की, गुलाल. पाय सरकलाय वहिनीस्नी." बास, निकाल लागला. जो वाकून बघे तो मान हलवून सरळ होई. जोतिबाच्या वाटेवर गुलालावरून घसरलेला माणूस कुणी पाहिला नाही असं नाही, त्यामुळं हे सगळ्यांना लगेच पटलं. गुलालाचा पाय पेडलवर होता एवढंच त्या रबरावरून सिद्ध होत होतं, तो घसरला हे नव्हे. वर्गात एखाद्या पोरानं असं उत्तर लिहिलं असतं तर तिनं त्याला बाकावर उभं केलं असतं. पण त्या दिवशी आपली चूक मोजायला ती सगळ्यांच्या आधी तयार होती. पहिले दोन दिवस ती म्हणाली, "गचका बसला नाही हो, आधी आवाज गेला." ऐकणारे म्हणाले, भीतीनं माणसाला असं वाटतंच. गॅरेजवाल्यानं इंजिन चालू करून दाखवलं, ठणठणीत. विम्याचा माणूस आला, त्यानं फॉर्मवर किलोमीटरचा आकडा लिहिला, पाच हजार शहाण्णव, आणि त्याच्या खाली त्यानंच वाक्य घातलं: पाय घसरल्याने वाहनावरील ताबा सुटला. तिनं सही केली. आकडा तिच्या डोक्यात तेव्हापासून रुतून बसला होता, एखाद्या नियतांकासारखा.

मग दोन महिने भेटायला येणारे. कोल्हापुरात आजारी माणसाकडं मोकळ्या हातानं कुणी येत नाही आणि कसं झालं हे विचारल्याशिवाय कुणी जात नाही. मोसंबी टेबलावर ठेवली की तानाबाई पडल्यापडल्या सुरुवात करायच्या, "आमच्या सुनंचा पाय घसारला." आवाज त्यांचा मुळातच मोठा, त्यात मनात काही ठेवायची सवय नाही. स्वयंपाकघरात चहा गाळताना वर्षाराणी ते वाक्य रोज चार-पाच वेळा ऐकायची. आणि त्याच्या मागोमाग कृष्णातचं वाक्य यायचं, मऊ, समजूतदार: "जाऊ दे आई. चूक कुणाकडनंबी हुती. पाय हाय, घसरनारच." आलेली बाई जाताना वर्षाराणीचा हात दाबून म्हणायची, नशीब काढलंस, नवरा देवमाणूस आहे, दुसरा कोण असता तर घरात ठेवली नसती. तिलाही ते पटायचं. त्यानं तिला एका शब्दानं दुखावलं नव्हतं. फक्त किल्ली पुन्हा तिच्या हातात आली नाही, आणि तिनंही मागितली नाही. त्या चांगुलपणाची परतफेड ती पावणेतीन वर्षं करत होती: त्याच्या बहिणीच्या घरच्या कार्याला पुढं होऊन राबत होती, सांगलीच्या कॉलेजात मिळालेली नोकरी त्याला नको वाटली म्हणून तिनं सोडली होती, आणि कशालाही नाही म्हणण्याआधी तिच्या डोळ्यांपुढं ते गुलाबी रबर यायचं. मान आपोआप खाली जायची. घरातली सगळी माणसं म्हणायची की अपघातानंतर वर्षा फार शहाणी झाली.

तिचे वडील पिराजी हातकणंगल्याला साखर कारखान्याची जीप चालवायचे. एक्याण्णव साली, ती बी.एस्सी.ला असताना, गळीत हंगाम संपल्यावर मोकळ्या पडलेल्या वजनकाट्याच्या मैदानात त्यांनी तिला गाडी शिकवली होती. चपला काढायला लावल्या होत्या. "चपलंला काय कळतंय? तळपायाला सगळं ऐकू येतंय," म्हणायचे. क्लच दाबून धर, आता थोडा सोड, कुठं धरतंय ते पायानं बघ. पंधरा दिवसांत तिच्या पायाला ऐकू यायला लागलं होतं. पोरगीला कशाला गाडी, असं शेजारी म्हणाले तेव्हा पिराजींनी तिला गावाच्या भर बाजारातून जीप चालवायला लावली आणि स्वतः शेजारी छाती काढून बसले. अपघातानंतर ते आले, विहिणीला भेटले, आणि निघताना फाटकात थांबून त्यांनी तिला एकच विचारलं, "क्लच दाबला हुतास का सोडला हुतास?" आणि ती म्हणाली होती, "आठवत नाही, आबा." आठवत होतं. पण तोपर्यंत फॉर्मवर सही झाली होती, तानाबाई पलंगावर कण्हत होत्या, आणि मी बरोबर होते असं म्हणण्याचं तोंड तिला उरलं नव्हतं. आबांनी मान हलवली आणि ते बसस्टँडकडं चालत गेले. गेल्या उन्हाळ्यात ते वारले. आपण शिकवलेला पाय घसरला असं मानूनच ते गेले. पत्र हातात घेऊन ओट्याशी उभ्या असलेल्या वर्षाराणीला याचं रडू यायला हवं होतं, पण तिला रडू येत नव्हतं. तिला पळत सुटावंसं वाटत होतं. बाराव्या गल्लीपासून पहिल्या गल्लीपर्यंत दारादारात थांबून ती चौथी ओळ वाचून दाखवावी असं वाटत होतं. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

पण ती विज्ञानाची बाई होती. पत्रात 'शक्यता' लिहिलं होतं, आणि शक्यतेवर तिला पुन्हा कुणाकडून समजूत घालून घ्यायची नव्हती. शेवटच्या ओळीत सर्व्हिस सेंटरचा पत्ता होता, शिरोलीचा. कृष्णात दुकानात स्कूटरवर जायचा, गाडी दारातच होती. तिनं गॅस बंद केला, बाहेरच्या खोलीत आली आणि खुंटीवरची किल्ली घेतली. तानाबाई काठी मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसल्या होत्या. किल्लीचा आवाज झाला तशी त्यांनी मान फिरवली.

"कुठं निगालीस?"

"शिरोलीला. कंपनीचं पत्र आलंय, गाडी तपासून घ्या म्हणून."

"कृष्णाला फोन लाव की मग. चालीवनार कोन?"

"मी."

तानाबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग तिच्या पायांकडं बघितलं. "पाय पुसून घे," म्हणाल्या आणि पुन्हा टीव्हीकडं वळल्या.

एरवी या वाक्यानं ती आठवडाभर मिटून गेली असती. आज ती दार ओढून घेता घेता हसली, आणि आपण हसलो याचंही तिला हसू आलं. गाडीत बसल्यावर तिनं चपला काढल्या आणि शेजारच्या सीटखाली सरकवल्या. सीट कृष्णातच्या उंचीला मागं सरकवलेली होती, ती तिनं पुढं ओढली. आरशात आधी नुसतं छप्पर दिसलं, मग तिचं कपाळ, मग रस्ता. पेडलचं रबर काळं आणि थंड होतं. तिनं पाय ठेवला आणि पायाला ऐकू आलं. पावणेतीन वर्षं बंद ठेवलेल्या खोलीचं कुलूप पहिल्या झटक्यात निघावं तसं ते झालं. आधी दाब, मग तो हलका कंप, मग धरायची जागा, सगळं जिथल्या तिथं होतं. गल्लीतून बाहेर पडताना एका रिक्षावाल्यानं हॉर्न मारला, तिनंही मारला. क्लासची दोन मुलं सायकली थांबवून बघत राहिली. टाकाळ्याच्या चौकात गाडी एकदा बंद पडली, गचका खाऊन, कारण तिनं क्लच घाईनं सोडला होता, आणि त्या गचक्यानं ती एवढी खूश झाली की मागच्या बसचा ड्रायव्हर खिडकीतून काय काय बोलला ते तिनं ऐकूनही घेतलं नाही. हा असा असतो गचका. दात दातांवर आपटतात, पर्स सीटवरून खाली पडते. हा त्या दिवशी बसला नव्हता म्हणजे नव्हता. कावळा नाक्यावरून उतरताना तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं, कारण हाही उतारच होता आणि वेगही कमी होता; पत्रात म्हटलेलं आत्ता, इथं होऊ शकत होतं. पण या भीतीला आता नाव होतं, कारण होतं, चौथी ओळ होती, आणि कारण असलेली भीती तिला बरीच बरी वाटली. पंचगंगेचा पूल आला तेव्हा तिनं काच खाली केली आणि हायवेचा धुरकट वारा तोंडावर घेतला.

सर्व्हिस सेंटरमध्ये निळ्या शर्टातला एक तिशीतला माणूस पुढं आला. खिशावर नाव शिवलेलं होतं, प्रसेनजीत. पत्र बघून तो म्हणाला, "कोल्हापुरातनं तुमीच पयल्या आलाय मॅडम. बाकीच्यांनी पाकीट फोडलंय का न्हाय कुनास ठाऊक. वीस मिनिटांचं काम हाय, बसा तिकडं एसीत."

"मी इथंच थांबते. जुन्या सॉफ्टवेअरची चूक काय होती?"

त्यानं तिच्याकडं जरा निरखून बघितलं. हा प्रश्न गिऱ्हाइकं विचारत नसावीत. स्टिअरिंगच्या खालच्या खाचेत वायर खोचत त्यानं सांगितलं, "उतार असला, स्पीड कमी असलं आनि क्लच पुरा दाबलेला असला, की त्या कॉम्प्युटरला वाटतंय गाडी थांबली. मग ते डिझेल तोडतंय. झालं, इंजिन गप."

"म्हणजे पाय घसरला नसला तरी?"

"पायाचा काय संबंध?" तो म्हणाला. "उलट पाय बरोबर असला तरच ह्यो फॉल्ट येतोय मॅडम. अर्धवट दाबला, घसरला, तर येतच न्हाई."

वर्षाराणी गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. तिला वाटलं, हे वाक्य याला पुन्हा म्हणायला लावावं. पाय बरोबर असला तरच. आबांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं, याच आवाजात, इतक्या सहज, वायर खोचता खोचता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंड मात्र हसत होतं. प्रसेनजीत अवघडून पडद्याकडं वळला. म्हणाला, "तुमच्या गाडीत कधी झालंय का ते बघूया की. त्येच्या मेमरीत नोंद ऱ्हाती, किती किलोमीटरला झालं त्याची." पडद्यावर इंग्रजी अक्षरं सरकत गेली, थांबली, आणि एकाखाली एक ओळी उमटल्या. तिनं दुसऱ्या ओळीत तो आकडा बघितला. पाच हजार शहाण्णव. पुढं स्थिती लिहिली होती: वेग अठरा, क्लच दाबलेला, पूर्ण. तिनं बोट पुढं केलं आणि काचेवर त्या ओळीवर ठेवलं, धूळ होती तरी. सगळं होतं. केर्लीकडचं तिसरं वळण होतं, एसटी होती, डबड्याचा खडखडाट होता, आणि तिचा पाय पेडलवर जिथं होता तिथंच होता. एका यंत्रानं तो बघून ठेवला होता आणि आजवर कुणी त्याला विचारलं नव्हतं.

"मला हे छापून द्या," ती म्हणाली.

"तसं द्यायचं न्हाई मॅडम, कंपनीचा नियम हाय. आनि नवं टाकलं की जुनं आपोआप पुसलं जातंय."

"मग नवं टाकू नका. आधी छापा."

"साहेब वरडतील."

"गाडी कुणाच्या नावावर आहे ते पत्रावर बघा. मालकीण सांगत्येय. त्या दुसऱ्या ओळीपायी मी पावणेतीन वर्षं मान खाली घालून चालत्येय. तुम्ही ती पुसणार आणि मी एसीत बसून चहा पिणार, हे जमायचं नाही." आवाज इतका चढला होता की पलीकडच्या गाडीखालून एकानं डोकं बाहेर काढलं. प्रसेनजीतनं पत्रावरचं नाव वाचलं, साहेबांच्या काचेच्या खोलीकडं एकदा बघितलं, आणि छपाईचं बटण दाबलं. प्रिंटर कुरकुरायला लागला. गप्प उभं राहणं त्याला जमेना म्हणून तो म्हणाला, "पर मॅडम, सात खेपा बंद पडूनशान तुमी तक्रार कशी केली न्हाईसा? पयल्याच खेपेला आला असता तर तवाच सापडलं असतं की."

"पहिल्याच वेळी तर अपघात झाला."

"न्हाई," तो पडद्याकडं बघत म्हणाला, "शहाण्णवची ही दुसरी हाय. पयली बत्तीसशे चौदाची. आनि त्येच्या फुडं पाच."

आपल्या आकड्याच्या वरखाली काय आहे ते तिनं तोवर पाहिलंच नव्हतं. तीन हजार दोनशे चौदा म्हणजे डिसेंबर. कोकणात जाताना गगनबावड्याचा घाट. कृष्णात चालवत होता. मध्येच गाडी कडेला लागली, त्यानं हँडब्रेक ओढला, खाली उतरला, रुमालानं तोंड पुसलं आणि दार उघडून म्हणाला, "उतरा की जरा, दरी बघा कशी दिसत्या." ती उतरली होती. सगळीकडं दाट धुकं होतं, हातभर पुढचं दिसत नव्हतं. धुक्याला दरी म्हणतोय म्हणून ती त्याला हसली होती आणि तोही हसला होता. त्या वेळी त्याला वाटलं असेल आपलाच पाय चुकला, आणि बायको-आईसमोर पाय चुकला हे पुरुषानं कसं सांगायचं, म्हणून त्यानं दरी दाखवली असेल. तिथपर्यंत ती त्याला समजून घ्यायला तयार होती; तीही तशीच चुकली होती, फक्त तिला दरी दाखवायचं सुचलं नव्हतं. पण नंतर पाच वेळा. अपघातानंतर या गाडीला त्याच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. पाच वेळा उतारावर त्याच्या पायाखाली गाडी गप्प झाली होती, गचका न खाता, आधी आवाज जाऊन, जसं तिनं पहिले दोन दिवस घसा फोडून सांगितलं होतं तसं. आणि पाचही वेळा घरी येऊन त्यानं किल्ली खुंटीला लावली, हात धुतले, ताटावर बसला, आणि कुणी विषय काढला तर म्हणाला, जाऊ दे, पाय हाय, घसरनारच. गेली दोन वर्षं तो घाटाचा रस्ता घेत नव्हता. कुणी विचारलं तर सांगायचा, वर्षाला घाटाची भीती बसलीय. तिला आठवलं की ते ऐकून तिला भरून यायचं, किती जपतो म्हणून.

राग येईल असं तिला वाटलं, आणि आलाही. पण त्यानं तिचा आनंद विझला नाही. दोन्ही एकाच भांड्यात उकळायला लागले. तिला अंग हलकं वाटत होतं, इतकं हलकं की त्याचीच चीड येत होती: एवढं ओझं होतं तर आपण ते कुणाचं म्हणून वाहत होतो. प्रसेनजीतनं कागद दिला, त्यावर न सांगता सेंटरचा शिक्काही मारला. मग नवं सॉफ्टवेअर टाकलं. पडद्यावरच्या सातही ओळी गेल्या. "आता काय भ्या न्हाई," तो म्हणाला. ती त्याला हो म्हणाली आणि चपला हातात घेऊन गाडीत बसली.

घरी आली तेव्हा अडीच वाजले होते. कृष्णात जेवायला आलेला होता आणि फाटकात उभा होता. गाडी तिनं एका दमात भिंतीला समांतर लावली, आणि ती लावताना तो बघत होता याचं तिला बरं वाटलं. "सांगून तरी जायाचं," तो म्हणाला, "रस्त्यात काय झालं असतं म्हंजे?" आवाज नेहमीसारखाच मऊ होता. तिनं कागद त्याच्या हातात दिला. तो पंपांचा माणूस, आकड्यांच्या ओळी त्याला वाचता येत होत्या. तो एकेक ओळ खाली उतरत गेला आणि शेवटच्या ओळीवर बराच वेळ थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वर बघितलं तेव्हा त्यानं स्वतःला सावरलं होतं.

"आईला मी सांगतो," तो हळू म्हणाला. "तू काय बोलू नको. बीपी हाय तिला."

आतून तानाबाईंचा आवाज आला, "काय कुजबुजताय रं? काय म्हनला त्यो गाडीवाला?"

तो तिच्या आधी आत गेला. ती मागोमाग गेली. तानाबाईंच्या खुर्चीसमोर उभं राहून, खाकरून, त्यानं सांगितलं, "आई, गाडीतच फॉल्ट हुता. कंपनीनंच पत्र पाठवलंय. जोतिबाला वर्षाची कायबी चूक न्हवती. पाय घसरलाच न्हवता तिचा." पावणेतीन वर्षं जे ऐकायला तिचे कान आसुसले होते ते सगळं त्यानं जसंच्या तसं म्हटलं, आणि चांगल्या आवाजात म्हटलं. तानाबाईंचा चेहरा हलला. त्यांनी सुनेकडं बघितलं, हात उचलून तिला जवळ बोलावलं. "माझी चूक झाली गं पोरी," त्या म्हणाल्या, "सगळ्या गावाला सांगत सुटलो." मग लेकाकडं वळून पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "पर माझं लेकरू बघ. कंपनीचं पत्र यायच्या आदीपास्नं तुझीच बाजू घेत हुतं. असा नवरा मिळत न्हाय." कृष्णातनं मान थोडी खाली घातली, कौतुक घेताना घालतात तेवढी, आणि कागदाची घडी करून तो शर्टाच्या खिशाकडं न्यायला लागला.

वर्षाराणी पुढं झाली, तिनं सासूचा हात एकदा घट्ट दाबला आणि सोडला. कृष्णातच्या हातातून कागद काढून घेतला, उलगडला आणि तानाबाईंच्या मांडीवर, काठीशेजारी, पसरून ठेवला. तिचा आवाज वर्गात येतो तसा आला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"गाडीचं कंपनीनं सांगितलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "आता तुमचं तुम्ही सांगा."

तानाबाईंनी हात लांब करून टीव्ही बंद केला आणि लेकाकडं तोंड केलं.